‘पॉवर आर्मरचे पोलीस कागदी निघाले’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

दादा, नमस्कार. दोन तारे दिलेत आणि तक्रारी तीन मांडल्यात: पॉवर आर्मरचे, म्हणजे मोटारीवर चालणारा चिलखती सूट घातलेले, पोलीस (गेमच्या छोट्या मूर्ती) घेतले, पण सेव्ह, म्हणजे मार बसल्यावर वाचायला फाशावर लागणारा आकडा, सैनिकांपेक्षा कमजोर, चौथ्या राउंडला बॅटरी उतरते, आणि एक सूट माळवद फोडून खाली गेला. वर ‘दुकानदार वाद घालतो’. नियमाचं पान उघडून दाखवलं, त्याला वाद म्हणत असाल तर घातला.

सेव्हचं आधी सांगतो. वॉरहॅमर ४०,००० या टेबलावरच्या युद्धाच्या गेममध्ये स्पेस मरीन या सैनिकाला पॉवर आर्मर आणि ३+ सेव्ह, म्हणजे ३ किंवा वर आला की वाचला, फाशाचे सहापैकी चार आकडे त्याच्या बाजूनं. तिथलेच आर्बिट्स, म्हणजे पोलीस, कॅरापेस नावाच्या साध्या कडक चिलखतात आणि ४+ वर. त्यांना मोटार नाहीच. आपल्या दुकानाच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे एकाला एक जोडलेल्या डावांत, आम्ही ती दिली, पण पत्रा जाड केला नाही, आणि तो मुद्दामच केला नाही. सैनिक समोरच्याला उडवून पुढं जातो. पोलिसाला तोच माणूस जिवंत गाडीत घालायचा असतो. म्हणून सूटची सगळी ताकद दार उखडायला, गर्दीत पाय रोवून उभं राहायला, पकडलेल्याला काखेत मारून पूर्ण चाल चालायला. अटकेला ३ पॉइंट, मुडद्याला शून्य. तुम्ही चारही सूट टेबलावरच्या भडकल गेटसमोर उघड्यावर रांगेत उभे करून नुसता गोळीबार केला. अटक एकही नाही.

माळवदाचं मात्र मी सोडणार नाही, कारण जुन्या शहराचं ते टेबल आम्ही लई जीव लावून बनवलंय. जनरल इलेक्ट्रिकनं १९६० च्या दशकात हार्डीमन नावाचा खराखुरा सूट बनवायला घेतला होता. वजन सुमारे ६८० किलो. पूर्ण सूट चालू केला की बेफाम हातपाय झाडायचा, त्यामुळं आत माणूस ठेवून तो कधी चालवलाच नाही. शेवटी काम एका हातापुरतंच उरलं. पुढच्या काळातला सूट हलका असेल, मान्य. निम्मा धरा. तरी ३४० किलो, खाली लाकडी तुळ्या, वर मातीचा थर, आणि त्यावर तुमची शेजारच्या गच्चीवरून उडी! फाशावर १ आला की खाली जाणारच. मी तर १ आणि २ दोन्ही ठेवणार होतो, पोरांनी ऐकलं नाही.

बॅटरीचं म्हणाल तर टेबलावर दोन चार्जिंग पॉइंट आहेत, तुम्ही एकाकडंही फिरकला नाहीत. मराठवाड्यात राहून वीज कायम राहील असं धरून कुणी खेळतं, याचंच मला नवल वाटलं.

आता पैशांचं. रंग न दिलेले मिनी, म्हणजे मूर्ती, पावतीसह आणा, पूर्ण पैसे परत. रंगवलेले घेत नाही, ते पावतीवर छापलेलं आहे. पोलिसांचा सेव्ह ३+ होणार नाही. जड चिलखतच हवं असेल तर मिलिटरीचा सेट त्याच कपाटात खालच्या कप्प्यात आहे. ते खेळात उतरवायला पॉइंट जास्त पडतील. रविवारी बसणार असाल तर आधी फोन करा, टेबल लवकर भरतं.