कीस्टोनचं बटण आहे म्हणून प्रोजेक्टर कुठेही टांगू नका

गणेशोत्सव जवळ आला तसा सांगलीतल्या मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक सल्ला फिरतोय: "प्रोजेक्टर कोपऱ्यात, तिरपा, कसाही लावा; कीस्टोन दाबलं की चित्र चौकोनी होतं, क्वालिटी तशीच राहते." कीस्टोन म्हणजे तिरप्या प्रोजेक्टरचं वाकडं चित्र सरळ करणारी सोय. सल्ल्यातलं अर्धंच खरं आहे. चित्र चौकोनी होतं, पण क्वालिटी तशीच राहत नाही.

फुल एचडी प्रोजेक्टरकडे १९२० बाय १०८० पिक्सेल असतात. डिजिटल कीस्टोन भिंग हलवत नाही. आतल्या पॅनेलवरचं चित्रच आकसून उलट्या बाजूने तिरपं करतं. कडेचे पिक्सेल वाया जातात, त्यांच्यासोबत उजेडही. उरलेल्यांत सगळं कोंबलं की बारीक अक्षरं आधी बिघडतात. देणगीदारांच्या यादीतले अनुस्वार शोधून पाहा! शिवाय पडद्याची एक बाजू जवळ, दुसरी लांब. फोकस दोन्हीकडे नीट बसत नाही आणि त्यावर कीस्टोनकडे इलाज नाही. अंधारात कडेला फिकट करडा पट्टा दिसतो तो वेगळाच.

लेन्स शिफ्टची गोष्ट निराळी. तिथे भिंगच सरकतं आणि सगळे पिक्सेल कामात राहतात. मेसेज लिहिणाऱ्याची बहुधा इथेच गल्लत झाली असावी.

जागा टेप लावून ठरवा. थ्रो रेशो (प्रोजेक्टरचं पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) गुणिले पडद्याची रुंदी म्हणजे अंतर: रेशो १.५, पडदा ४ मीटर, तर ६ मीटर. तोंड पडद्याला अगदी सरळ हवं. मांडवाचा खांब आडवा आलाच, तर किंचित कीस्टोन चालेल. तेवढ्याने कुणी बोंब मारणार नाही.