मेक्सिकोचा इतिहास लिहिताना बायका कुठे बसवाव्यात

मेक्सिकोवर मराठीत एखादा ग्रंथ लिहावा असे तुमच्या मनात असेल, तर तो विचार स्तुत्यच आहे. मात्र लेखणी उचलण्यापूर्वी थोडी सावधगिरी बाळगावी लागेल. त्या देशाच्या इतिहासात बायका फार आहेत आणि त्यांपैकी बऱ्याच जणींनी नको तिथे डोके चालवलेले आहे. त्यांना सरसकट वगळले तर हल्लीचे वाचक ओरड करतात, आणि आहेत तशा घेतल्या तर पुरुषांसाठी राखलेली पाने अपुरी पडतात. यावर तिथल्या थोरामोठ्यांनी वापरून सिद्ध केलेला उपाय असा, की बाईने काय केले हे सांगू नये, ती कोणाची कोण होती हे सांगावे.

आरंभ अर्थातच मालिंत्सिनपासून, म्हणजे ला मालिन्चेपासून, करावा. १५१९ साली ताबास्कोत लढाई हरलेल्या माया सरदारांनी मेक्सिको जिंकायला आलेल्या स्पॅनिश सेनानी एर्नान कोर्तेसला ज्या वीस दासी नजराणा म्हणून दिल्या, त्यांत ही एक होती. तिला नाहुआत्ल, म्हणजे अस्तेकांची भाषा, आणि माया या दोन्ही भाषा येत होत्या. सुरुवातीला तिचे बोलणे माया जाणणाऱ्या आगिलार नावाच्या स्पॅनिश माणसामार्फत कोर्तेसपर्यंत पोहोचे, आणि पुढे स्वतःच स्पॅनिश शिकून तिने त्या मध्यस्थाचीही गरज संपवली. हा तपशील एका वाक्यात उरकावा, कोर्तेसपासून तिला झालेल्या मुलावर चांगले दोन परिच्छेद खर्च करावेत, आणि मग तिला राष्ट्रद्रोही ठरवावे. ज्या राष्ट्राशी तिने द्रोह केला ते तिच्या मृत्यूनंतर जवळपास तीनशे वर्षांनी, १८२१ मध्ये, स्वतंत्र झाले, अशी शंका एखादा काढेल. त्याच्याकडे लक्ष देऊ नये. अस्तेकांशी वैर असलेल्या त्लाश्काला राज्याचे हजारो योद्धेही कोर्तेसच्या बाजूने अस्तेकांविरुद्ध लढलेच होते, पण ते पुरुष असल्यामुळे त्यांच्या वागण्याला राजनीती म्हणतात. १९५० साली मेक्सिकन कवी ऑक्ताव्हिओ पाझ यांनी आपल्या गाजलेल्या निबंधग्रंथात मालिन्चेला साऱ्या मेक्सिकन लोकांची भोगली गेलेली आई करून टाकल्यापासून तर ती दुभाषी होती हे आठवण्याचे कोणाला फारसे कारणच उरलेले नाही.

विदुषी आढळल्यास काय करावे, याचा धडा पुएब्लाच्या बिशपांनी घालून दिला आहे. सोर हुआना इनेस दे ला क्रूस या जोगिणीने एका नामवंत धर्मोपदेशकाच्या प्रवचनाची चिकित्सा केली होती. बिशपांनी ती १६९० साली छापली आणि तिच्यासोबत, ऐहिक विद्येचा नाद सोडावा असे सुचवणारे एक पत्रही जोडले. त्या पत्राखाली सही मात्र ‘सोर फिलोतेआ’ या कल्पित जोगिणीची केली. बाईला गप्प बसवायचे असेल तर ते काम दुसऱ्या बाईच्या नावाने करावे, ही युक्ती आजही जशीच्या तशी चालते. सोर हुआनाने १६९१ साली त्याला जे दीर्घ उत्तर लिहिले, त्यातील स्त्रियांच्या विद्याभ्यासाच्या हक्काविषयीचा युक्तिवाद तुम्ही गाळावा. ॲरिस्टॉटलने स्वयंपाक केला असता तर त्याने याहून पुष्कळ लिहिले असते, हे तिचे वाक्य तेवढे अवश्य घ्यावे, कारण त्यात स्वयंपाकघर आहे. शेवटी तिने पुस्तके सोडली आणि १६९५ च्या साथीत मठातील भगिनींची शुश्रूषा करताना ती वारली. हा भाग मात्र सविस्तर लिहावा.

स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धाकडे वळताना प्रेमाचा साठा जवळ असू द्यावा. लेओना विकारिओ या मेक्सिको शहरातील श्रीमंत घरच्या अनाथ मुलीने बंडखोरांना पैसा, बातम्या आणि शस्त्रे बनवणारे कारागीर पुरवले. १८१३ मध्ये ती पकडली गेली, कोठडीतून निसटली आणि सारी मालमत्ता गमावूनही बंडखोरांना जाऊन मिळाली. असल्या बाईपुढे इतिहासकार हतबल होतो, असे तुम्हाला वाटेल. पण लुकास आलामान झाले नाहीत. मंत्री आणि इतिहासकार असलेल्या या गृहस्थांनी १८३१ साली निर्वाळा दिला, की ती देशासाठी नव्हे तर प्रियकरासाठी गेली होती. त्यावर लेओनाबाईंनी वर्तमानपत्रातून जाहीर उत्तर दिले, की स्त्रियांच्या कृतींमागे प्रेम हे एकच कारण नसते, स्वातंत्र्याची आणि कीर्तीची ओढ त्यांनाही असते. हे पत्र संग्रही ठेवण्यास हरकत नाही, उद्धृत मात्र करू नये. कारिबियन किनाऱ्यावरच्या राज्याला त्यांचे पती, म्हणजे तोच प्रियकर, आंद्रेस किंताना रो यांचे नाव मिळाले आहे, याची नोंद करून पुढे जावे. स्वातंत्र्याच्या कटात सामील झालेल्या केरेतारोच्या होसेफा ओर्तिस दे दोमिंगेस यांना तर नवऱ्याच्या हुद्द्यावरून ‘ला कोर्रेहिदोरा’, म्हणजे दंडाधिकारीणबाई, म्हणण्याची पद्धत आधीच रूढ असल्याने तिथे तुम्हाला काहीच कष्ट नाहीत.

१९१० च्या क्रांतीतील सोल्दादेरांसाठी, म्हणजे फौजेतल्या बायकांसाठी, ‘ला आदेलिता’ हे गाणे पुरेसे आहे. रेल्वेच्या टपावर बसून फौजेबरोबर फिरणाऱ्या, रांधणाऱ्या, जखमा बांधणाऱ्या आणि वेळ पडली तर गोळी चालवणाऱ्या या बायकांमधून एक देखणी आदेलिता निवडावी, सार्जंटला तिच्यावर भाळू द्यावे, आणि बाकीच्यांना टपावरच सोडावे. जी कुठेच बसत नसेल तिला जमीन करावी. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे ज्या चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवत, तिथल्या प्रार्थनामंदिराच्या भिंतीवर चित्रकार दिएगो रिवेराने मुक्त झालेली भूमी विवस्त्र, गर्भवती स्त्रीच्या रूपात रंगवली आहे. जमीन कसणाऱ्या बाईपेक्षा जमीन झालेली बाई भिंतीवर जास्त शोभते, हे कोणीही मान्य करील.

मताधिकाराचे प्रकरण थोडे अवघड आहे. १९१६ च्या जानेवारीत युकातानमधील मेरिदा येथे स्त्रियांची परिषद भरली. हेर्मिला गालिंदो या स्त्रीवादी लेखिकेच्या निबंधाने तिथे वादळ उठले, आणि पुढे घटना परिषदेकडे त्यांनी मताधिकार मागितला तो मिळाला नाही. संततिनियमनाची पत्रके युकातानात वाटली जाऊ लागली, तेव्हा ‘एक्सेल्सिओर’ या वर्तमानपत्राने १९२२ साली १० मे हा मातृदिन साजरा करण्याची हाक दिली. इतके चपखल उत्तर जगात क्वचितच कोणी दिले असेल. १९३७ मध्ये राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांनी घटनादुरुस्ती मांडली. दोन्ही सभागृहांनी आणि राज्यांनीही ती मंजूर केली, फक्त ती जाहीर करायची राहून गेली, कारण बायका पाद्र्यांच्या सांगण्यावरून मत देतील अशी भीती होती. बाईला स्वतःचे मत नसते म्हणून तिला मत देऊ नये, हा तर्क तुम्ही आदराने मांडावा. हक्क १९५३ साली आला, पण मातेचे भव्य स्मारक राजधानीत १९४९ मध्येच उभे राहिले होते. तिथे तिचे मातृत्व स्वेच्छेचे होते म्हणून, अशी एक पाटी स्त्रीवाद्यांनी पुढे लावली. छायाचित्र घेताना ती चौकटीत येणार नाही असे पाहावे.

साहित्याच्या प्रकरणात एलेना गारो या मेक्सिकन लेखिकेचे नाव आले की घाबरू नये. १९६३ ची तिची कादंबरी वाचण्याचीही गरज नाही. २०१६ साली स्पेनमधील एका प्रकाशकाने तिच्या दुसऱ्या पुस्तकाला जी कागदी पट्टी गुंडाळली, तीवर पाझची पत्नी, बिओय कासारेसची प्रेयसी, गार्सिया मार्केसची प्रेरणा आणि बोर्हेसच्या कौतुकास पात्र, अशी पुरुष लेखकांशी असलेली तिची चारही नाती छापून आली होती. ओरड झाल्यावर प्रकाशकाने माफी मागितली हे खरे. तुम्ही ते मनाला लावून घेऊ नये.

आता १ ऑक्टोबर २०२४ पासून क्लाउडिया शेनबाम राष्ट्राध्यक्ष आहेत. त्या वैज्ञानिक आहेत, ऊर्जा अभियांत्रिकीत त्यांची डॉक्टरेट आहे, आणि राजधानीचा कारभारही त्यांनी सांभाळलेला आहे. तुमचे शेवटचे प्रकरण मात्र, त्या पूर्वीच्या राष्ट्राध्यक्षांच्या पट्टशिष्या आहेत, या वाक्याने सुरू करावे.