वसाहत पाडताय? थोडा सल्ला घ्या

गोरगरिबांची एखादी मोठी जुनी वसाहत तुमच्या ताब्यात असेल आणि तिचा पुनर्विकास काढायची हुक्की आली असेल, तर आधी अभिनंदन. गेल्या आठवड्यात आमच्या सांगलीतल्या वसाहतीत अशीच एक सभा झाली. तिथं जे शिकलो ते तुम्हाला फुकट देतो.

सभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवा. हमाल मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांखाली, धुणंभांडीवाल्या बायका कामावर. जे चार पेन्शनर उरतील त्यांना चहा पाजा आणि इतिवृत्तात लिहा, 'सर्वानुमते मंजूर'.

सभेत दाखवायच्या नव्या इमारतीच्या चित्रफितीत कारंजं हवंच. नळाला पाणी येईल तेव्हा येईल.

लिफ्टची यंत्रणा, मीटर, पाण्याचे पंप सगळं तळघरात घाला. हो, सांगलीतच! 2019 ला कृष्णा आयर्विन पुलाजवळ 57 फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी 45 ची. पण नकाशा काढणाऱ्याला पूर म्हणजे मोबाईलवर बघायची गोष्ट.

देखभालीचा खर्च भाड्यातून आपोआप निघेल असं धरून चाला. अमेरिकेत सेंट लुईसच्या प्रूइट-आयगो वसाहतीत असंच धरलं होतं. अकरा मजली 33 इमारती. भाडेकरू घटले, भाडं आटलं, लिफ्ट बंद पडल्या आणि 1972 पासून इमारती पाडायला घेतल्या. बांधून वीस वर्षंही झाली नव्हती.

आता मुख्य मंत्र. आधी घरं रिकामी करून घ्या, बाकीचं नंतर बघू. नवं घर होईपर्यंत तुम्ही लोकांना जे भाडं द्यायचं, त्या रकमेची जागा संमतीपत्रावर कोरी ठेवा, आमच्यासारखी. कुणी विचारलंच तर खांद्यावर हात ठेवून म्हणा, "काका, विश्वास ठेवा की ओ." विश्वास! गोरेगावच्या पत्राचाळीतल्या 672 कुटुंबांनीही ठेवला होता. 2008 चा करार. घरं सोडली, चाळ पाडली, पुढं भाडं बंद झालं, काम रखडलं आणि विकासकाला हटवायला 2018 उजाडलं. दहा वर्षांत पोरांची शाळा बदलते, लग्नं होतात, म्हातारी माणसं भाड्याच्या खोलीत जातात ती परत येत नाहीत. त्यांच्या नावचा फ्लॅट कुणाला दाखवणार? आणि वर आम्हालाच ऐकवायचं, लोकांना विकास नको असतो!

नको असतो? वरळीच्या बीडीडी चाळीतली 160 फुटांच्या खोल्यांतली माणसं ऑगस्ट 2025 मध्ये 500 फुटांच्या घरात गेली. उशीर झाला, भांडणं झाली, पण गेली. फ्रान्समध्ये बोर्दोच्या ग्रां पार्क वसाहतीत 530 घरं पाडली नाहीतच. बाहेरून काचबंद गॅलऱ्या जोडून ती मोठी केली, माणसं आत राहत असताना. भाडंही वाढवलं नाही. म्हणजे येतं करता. करायचं असेल तर.

तेव्हा साहेब, गोड बोलणं पुरे. तुम्हाला आमची जागा दिसते, आम्ही दिसत नाही. त्या कोऱ्या जागेत आकडा लिहा. भाडं थांबलं तर कोण देणार, त्याचं नाव लिहा. नवं घर कितव्या मजल्यावर, किती फुटांचं आणि कधी, ते लिहा. पंप वर घ्या. करार नोंदवून प्रत हातात पडत नाही तोवर एकाही दाराला आम्ही कुलूप लावणार नाही, आणि तुमच्या शिपायानं परत संध्याकाळी घरी बाई एकटी असताना सह्या मागायला यायचं नाही.