'मारुती आता घेतं कोण?' कमेंटवरून काढलेला निकाल आणि त्यातल्या चुका

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर कधीपासून फिरतो आहे. शब्द बदलतात, मुद्दे तेच: "कुठल्याही गाडीच्या व्हिडिओखाली बघा, लोक मारुतीला पत्र्याचा डबा म्हणतात. सगळ्या गाड्यांना शून्य स्टार. लोकांनी पाठ फिरवली आहे. खपाचे आकडे म्हणजे डीलरच्या गळ्यात मारलेला माल, नाहीतर टॅक्सीवाले." यात अर्धं खरं बरंच आहे, म्हणून तर तो पसरतो.

"डीलरच्या गळ्यात मारलेला माल."

कंपन्या दर महिन्याला जाहीर करतात तो आकडा कारखान्यातून डीलरकडे गेलेल्या गाड्यांचा असतो, हे बरोबर. पण ग्राहकाच्या नावावर किती गाड्या चढल्या ते केंद्र सरकारच्या 'वाहन' या नोंदणी पोर्टलच्या डॅशबोर्डवर कुणालाही बघता येतं. वाय-अक्षावर 'मेकर', एक्स-अक्षावर 'व्हेइकल क्लास' घ्या आणि पूर्ण आर्थिक वर्ष निवडा. 'मोटर कार' आणि 'मोटर कॅब' हे रकाने वेगळे येतात: पहिल्यात पांढऱ्या पाटीच्या गाड्या, दुसऱ्यात पिवळ्या. टॅक्सीचा मुद्दा तिथेच तपासून होतो. (पांढऱ्या पाटीवर चोरून भाडी मारणारे आहेत, पण ते सगळ्याच कंपन्यांच्या गाड्यांत आहेत.)

इथे दोन चुका हमखास होतात. तेलंगणाची नोंदणी या डॅशबोर्डवर बराच काळ येत नव्हती, त्यामुळे देशाची बेरीज कमी दिसते. आणि एकच महिना धरला तर पितृपक्षात सगळ्याच कंपन्या आपटलेल्या दिसतात, दसरा-दिवाळीला सगळ्याच उसळलेल्या. सण कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात. म्हणून बारा महिने धरावेत.

२०२४-२५ मध्ये मारुतीने देशात डीलरकडे सुमारे १७.६ लाख प्रवासी गाड्या पाठवल्या. त्या नुसत्याच ढकललेल्या असतील का? गाडी आवारात उभी राहिली की डीलरला उचललेल्या पैशांवर व्याज भरावं लागतं. साठा फार वाढला की तो पुढची उचल थांबवतो. एखाददोन महिने माल ढकलता येतो, वर्षानुवर्षं नाही.

"सगळ्यांना शून्य स्टार."

धडक-चाचणीतल्या सुरक्षेचे हे स्टार (पाचपैकी) कंपनीला मिळत नाहीत. ते ठरावीक मॉडेलला, ठरावीक वर्षी, त्या वेळच्या नियमांनुसार मिळतात. अशी चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेकडे २०१४ मध्ये विनाएअरबॅगची स्विफ्ट शून्यावर होती, २०१८ मध्ये नव्या स्विफ्टला २ मिळाले, २०२२ मध्ये नियम कडक झाल्यावर १. त्याच २०१८ मध्ये विटारा ब्रेझाला ४ मिळाले होते आणि २०२४ मध्ये नव्या डिझायरला ५. वॅगन-आरला २०२३ मध्ये एकच मिळाला, त्यावरची टीका रास्तच आहे. पण 'सगळ्यांना शून्य' हे सरळ खोटं.

"कमेंटमध्ये दहापैकी आठ जण शिव्याच घालतात."

घालत असतील. घालणारे कोण, हा प्रश्न आहे. एका व्हिडिओखालच्या २०० कमेंट घ्या. आधी पुन्हापुन्हा येणारी नावं एकदाच धरा. मग ज्यांत किती किलोमीटर झाले, कुठलं व्हेरियंट, सर्व्हिसचं बिल किती यापैकी काहीतरी आहे तेवढ्याच वेगळ्या काढा. उरलेल्यांत पुढच्या सहा महिन्यांत गाडी घेणारे किती, हे कळायला मार्गच नाही. आवडीनं गाड्यांवर बोलणारा आणि डाउन पेमेंट भरणारा एकच असेल असं नाही.

याचा ढळढळीत नमुना उलट्या बाजूचा आहे, आणि तोही मारुतीचाच. जिम्नी, छोटी फोर-बाय-फोर गाडी. वर्षानुवर्षं ऑनलाइन मागणी, "आणा, लगेच घेतो." जून २०२३ मध्ये आली, कौतुकाचा पाऊस पडला, आणि वर्ष संपायच्या आत मोठी सूट द्यायची वेळ आली. २०२४ च्या सुरुवातीला महिन्याला पाचशेसुद्धा खपत नव्हत्या. शिव्या खाणारी वॅगन-आर मात्र २०२४-२५ मध्ये दोन लाखांच्या घरात गेली.

तिचा ग्राहक हिशेब कसा करतो? समजा महिन्याला १,५०० किलोमीटर धावणं आहे. पेट्रोलवर लिटरला १७ धरले तर ८८ लिटर, १०४ रुपयांनी सव्वानऊ हजारांच्या आसपास. सीएनजीवर किलोला २५ धरले तर ६० किलो, ९० रुपयांनी ५,४००. फरक पावणेचार हजारांचा, म्हणजे हप्त्याचा चांगला तुकडा. त्यात पंपावरची रांग आणि टाकीने खाल्लेली डिकी वजा करा. हे गणित कुणी कमेंटमध्ये मांडत नाही, घरी मांडतात. अर्थात, घेतली म्हणजे आवडली असंही नाही. खपावरून प्रेम मोजणारेही तितकेच चुकतात.

"लोकांनी पाठ फिरवली."

इथे मात्र काहीतरी आहे. २०१८-१९ मध्ये मारुतीचा बाजारातला वाटा ५१ टक्क्यांच्या आसपास होता, २०२४-२५ मध्ये ४१ च्या. २०२४ या कॅलेंडर वर्षात सर्वाधिक खपणाऱ्या मॉडेलचा पहिला नंबरही टाटा पंचने काढून घेतला. पण याच काळात, एप्रिल २०२० पासून, मारुतीने डिझेल सोडलं, एसयूव्हीची लाट आली तेव्हा तिच्याकडे मोजकीच मॉडेल्स होती, आणि तिची हक्काची छोटी गाडी महाग झाली. गेलेल्या दहा टक्क्यांत स्टार बघून गेलेले किती, सनरूफसाठी गेलेले किती आणि डिझेलसाठी गेलेले किती, हे कमेंटवरून निघत नाही. ते मारुतीची टेस्ट ड्राइव्ह घेऊन शेवटी दुसरी गाडी घेतलेल्यांनाच विचारावं लागतं.