स्वमग्न तरुणांच्या वाचन-गणिताविषयी खुलासा

नागपुरातील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या असा संदेश फिरत आहे की, स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाला अठराव्या वर्षापर्यंत वाचता-मोजता आले नाही तर पुढे ते कधीच येत नाही आणि कायदाही तेथेच थांबतो. दोन्ही विधाने चुकीची आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम ३१ चा मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ या वयापुरता आहे हे खरे. परंतु त्याच अधिनियमाचे कलम १८ प्रौढ शिक्षणात समान सहभाग मिळवून देण्याची जबाबदारी शासनावर टाकते, आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या दहावीला कमाल वयोमर्यादा नाही.

वय वाढले की बदलायला हवे ते साहित्य. वीस वर्षांच्या तरुणापुढे बालवाडीची चित्रे ठेवणे हा त्याचा अवमान आहे. त्याला बसवरील ‘सीताबर्डी’ ही पाटी आधी अखंड शब्द म्हणून ओळखू द्यावी, मग त्यातील अक्षरे सुटी करावीत. ३७ रुपयांच्या खरेदीला दहाच्या चार नोटा पुढे करायच्या, हे खऱ्या नोटांनिशी शिकवता येते. वजाबाकी कच्ची असली तरी व्यवहार अडत नाही. मात्र हा सराव प्रत्यक्ष दुकानातही करून घ्यावा, कारण वर्गात जमलेले बाहेर आपोआप जमतेच असे नाही.