दोनने भागत गेल्याने सरासरी निघत नाही

पुण्यात प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक युक्ती फिरते आहे. वापरकर्त्याने दिलेल्या संख्यांची सरासरी काढताना बेरीज आणि मोजणी ठेवू नये. लूपच्या प्रत्येक फेरीत आधीच्या सरासरीत नवी संख्या मिळवून दोनने भागावे आणि 0 आला की थांबावे. यामुळे मेमरी वाचते आणि ओव्हरफ्लो, म्हणजे बेरीज व्हेरिएबलमध्ये मावेल त्यापेक्षा मोठी होणे, टळतो, असे तिचे समर्थन केले जाते.

शिवाजीनगर वेधशाळेत लागोपाठ तीन दिवस 10, 20 आणि 60 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला असे समजू. सरासरी 30 येते. युक्तीने आधी 15 आणि मग 37.5 येते, तेच आकडे उलट क्रमाने दिले तर 25. संख्यांचा क्रम बदलल्याने सरासरी बदलता कामा नये, हा तिचा मूळ गुणधर्मच येथे मोडतो. दोनने भागणे फक्त दुसऱ्या संख्येपर्यंत बरोबर असते. पुढे शेवटच्या संख्येला निम्मे, तिच्या आधीच्या संख्येला पाव असे वजन मिळत जाते आणि दहा संख्या दिल्या तर पहिलीच्या वाट्याला एक दशांशाऐवजी 512 वा हिस्सा उरतो. अलीकडच्या नोंदींना मुद्दाम जास्त वजन देणाऱ्या पद्धती आहेत आणि त्या उपयोगीही आहेत, पण नवशिक्याला साधी सरासरी म्हणून त्या शिकवणे अन्यायाचे आहे.

मेमरीचा मुद्दा टिकत नाही, कारण लाख नोंदी आल्या तरी बेरीज आणि मोजणी ही दोनच व्हेरिएबल्स लागतात. 32 बिटांच्या पूर्णांकाची मर्यादा 2,14,74,83,647 आहे. शंभरपैकी गुणांची बेरीज तेथे पोहोचायला दोन कोटींहून अधिक नोंदी लागतील. तरीही बेरीज टाळायचीच असेल, तर नव्या संख्येतून जुनी सरासरी वजा करून, त्या फरकाला नवी संख्या धरून झालेल्या मोजणीने भागून, आलेला भाग जुन्या सरासरीत मिळवावा. वरच्या उदाहरणात 15 मध्ये 45 भागिले 3, म्हणजे 15 मिळवले की 30 येतात. मोजणी मात्र येथेही लागतेच. शिवाय सी किंवा जावा या प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की अपूर्णांक गळून पडतो. युक्तीत ही गळती फेरीगणिक होते.

0 वर थांबणे तर पावसाच्या नोंदींत घातकच आहे, कारण कोरडा दिवस ही खरी नोंद असते. पाऊस ऋण नसतो, म्हणून येथे -1 ही थांबण्याची खूण चालेल. तापमानासाठी तीही चालणार नाही. खुणेची संख्या बेरजेत वा मोजणीत धरू नये आणि मोजणी शून्यच राहिली असेल, तर भागाकार न करता नोंद नसल्याचे वापरकर्त्याला सांगावे.