लेन्सचा नंबर आहे, बाईचं नाव नाही

सध्या भोपाळला मावशीकडे आहे. आज संध्याकाळी आम्ही दोघी बडा तालाबच्या काठावरच्या एका सांस्कृतिक केंद्रात फोटोंचं प्रदर्शन बघायला गेलो आणि मी डोकं फिरवून घेऊन घरी आले. केंद्राचं नाव लिहीत नाही, फोटोग्राफरचंही नाही. (हो, यातला विनोद कळतोय मला. पुढे वाचा.)

फोटो वाईट नव्हते. फार चांगले होते, म्हणून तर जास्त राग आला. एका बैगा आदिवासी आजींचा क्लोजअप, दाराएवढा. कपाळावरचं गोंदण, सुरकुत्यांत अडकलेली धूळ, सगळं दिसत होतं. खाली पट्टी: 'टाइमलेस. मंडला. ८५ एमएम, एफ २.८, आयएसओ ४००.' लेन्स कळली, आयएसओ कळला. बाई कोण, ते नाही. शेजारचा फोटो 'इनोसन्स'. त्याच्या पुढचा 'अनटच्ड'. सगळ्या भिंती माणसांच्या चेहऱ्यांनी भरलेल्या आणि अख्ख्या हॉलमध्ये नाव एकाचंच. दारात, हातभर अक्षरांत.

तो तिथेच उभा होता. विचारलं, "इन आजी का नाम क्या है?" हसला. "मॅडम, नाम लिखने से फोटो छोटी हो जाती है." मावशी मागून कोपराने ढोसतेय, "चल ना गं, कशाला उलझतेस."

म्हणे छोटी होते!

आता माझ्या आजीची गोष्ट. जुन्या मंडळींनी ऐकलीय, त्यांनी परत ऐका. आजी पुरंदरची, दरवर्षी वारीला जायची. एका वर्षी दिवे घाट चढून टेकली असताना कुणीतरी तिचा फोटो काढला. बशीतून चहा पितेय आणि बोळकं उघडून हसतेय. पुढच्या वर्षी बाबा गावात दाढी करायला बसले, तर आरशाशेजारी एका पतपेढीचं कॅलेंडर आणि जुलैच्या पानावर आपली आई! खाली छापलेलं: 'निरागस'. बाबांनी ते कॅलेंडर मागून घरी आणलं. आजीनं चष्मा लावला, पान डोळ्यांजवळ धरलं आणि म्हणाली, "आगं बया, पांढरा दोरा दिसतुया."

लुगड्याच्या पदराला ठिगळ होतं. हिरवा दोरा संपला म्हणून तिनं पांढऱ्यानं टाके घातले होते. ते टाके आता पतपेढीच्या सगळ्या खातेदारांच्या भिंतीवर. कुणी विचारलं असतं तर तिनं पदर उलटा घेतला असता, बाकी काही नाही. आज त्या बैगा आजींसमोर उभी राहून मी बराच वेळ पांढरा दोराच शोधत होते.

आणि हे चाललंय कुठे, तर भोपाळमध्ये! याच तलावाला लागून श्यामला हिल्सवर भारत भवन आहे. चार्ल्स कोरियांनी बांधलेलं, १९८२ साली उघडलेलं. रस्त्यावरून इमारत दिसतच नाही, पायऱ्या उतरत एकेका अंगणातून खाली जायचं की समोर पाणी. ते बांधून होत असताना झाबुआकडची एक भिल्ल मुलगी तिथे मजुरीला होती. चित्रकार जे. स्वामीनाथन तिथलं कलासंग्रहालय उभं करत होते. त्यांनी तिला विचारलं, तुमच्याकडे भिंतींवर काढतात ते कागदावर काढशील का? ती भूरीबाई. २०२१ मध्ये पद्मश्री. तेव्हा कुणी तिचा डोक्यावर विटा घेतलेला फोटो काढला असता, तर खाली काय लिहिलं असतं सांगा बरं. 'श्रम'? की हेच आपलं 'टाइमलेस'? पाटणगढचा गोंड चित्रकार जनगढसिंह श्यामही भारत भवनातूनच पुढे आलेला. त्याच्या नावानं आज अख्ख्या शैलीला जनगढ कलम म्हणतात. झालं का चित्र छोटं?

बरं, दर वेळी नाव मिळतंच असं नाही, मान्य. १९८४ च्या गॅसकांडातलं ते मातीत पुरलं जाणारं बाळ. रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू, दोघांनीही टिपलेलं. त्याला आजही 'अज्ञात बालक' म्हणूनच ओळखतात. पण तिथे नाव नसणं हीच तर बातमी होती. इथे आजी समोर बसल्या होत्या, धडधडीत जिवंत! आणि मोर्चातल्या प्रत्येकाला नाव विचारायचं का, असं कमेंटमध्ये कुणी लिहू नका. नाही विचारायचं. पण एखाद्याच्या नाकापुढे कॅमेरा धरताना तरी विचाराल की नाही?

निघालो तर तो मागून आला. म्हणाला, "नाम नहीं पूछा मैंने, सच है. पर उन्होंने मुझे भुट्टा खिलाया था." निखाऱ्यावर भाजून, राख स्वतःच्या पदरानं पुसून दिलं म्हणे. सांगताना तोंड एवढंसं झालं होतं बिचाऱ्याचं. माझा राग निम्मा तिथेच उतरला, खोटं कशाला बोलू. अरे मग पट्टीवर हे लिही ना! आयएसओ कसला लिहितोस! परत जाणार का विचारलं, तर म्हणाला पावसाळ्यानंतर. प्रिंट घेऊन जा म्हटलं. 'देखते हैं' म्हणाला. बघू.

आता तुम्ही विचारणार, नावावरून एवढा थयथयाट, मग स्वतःच्या आजीचं नाव कुठाय? लिहिणार होते. मघाशी आत्याला फोन केला, ती म्हणाली फेसबुकवर नको. नको तर नको. पण विचारलं.

हो, एक राहिलंच. त्या घाटातल्या फोटोवाल्याचं नाव आजीला माहीत होतं. तिनं विचारलं होतं ना! नाव, गाव नगरकडचं, आईला दम्याचा त्रास, लग्न जमत नाही, सगळं. शेवटची दोन वर्षं तिला वारी झेपली नाही, टीव्हीवरच पालखी बघायची. घाट दिसला की बाबांना म्हणायची, "त्या पोराचं लगीन झालं असंल का रं आता?"